पत्त्यात शहराचं नाव होतं, हद्दीत घर नव्हतं

आमच्या शहराच्या लायब्ररी कमिशनवर मी आता वर्षभराहून जास्त काळ काम करते आहे. तिथे पोचायला मला सोळा महिने लागले, आणि त्यातले बहुतेक महिने एकाच प्रश्नाचं उत्तर कागदावर सिद्ध करण्यात गेले: तुम्ही राहता कुठे? गेल्या काही महिन्यांत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत चौघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आम्हालाही अर्ज करायचाय, पण ते रहिवासी वगैरे काय असतं गं?" प्रत्येकीला अर्धा तास लागला, तरी काही ना काही सांगायचं राहिलंच. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या (म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. इथल्या बहुतेक शहरांत सिटी कौन्सिलला सल्ला देणारी कमिशनं असतात: लायब्ररी, बागा, रस्ते आणि सायकली, ज्येष्ठ नागरिक. ही कमिशनं स्वतः निर्णय घेत नाहीत, शिफारस करतात. पगार नसतो. आमच्या लायब्ररी कमिशनवर सात जण असतात, मुदत चार वर्षांची, बैठक महिन्यातून एकदा संध्याकाळी.

मला तिथे जावंसं वाटलं ते रविवारमुळे. आमच्या जवळची शाखा रविवारी बंद असायची आणि इतर दिवशी संध्याकाळी सहाला मिटायची. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक नर्स राहायच्या. आठवडाभर हॉस्पिटलच्या शिफ्ट, सुट्टी फक्त रविवारी. त्यांच्या दोन मुलांना लायब्ररी माहीत होती ती बंद दारातून. माझी मुलगी त्यांच्यासाठी पुस्तकं आणायची आणि त्यांच्या दारात ठेवायची. शाखेतल्या लायब्रेरियनना मी हे एकदा सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हे कमिशनसमोर यायला हवं. डिसेंबरअखेरीला यादी लागते, ती बघा."

ती यादी म्हणजे पहिली कामाची गोष्ट. कॅलिफोर्नियात १९७५ पासून मॅडी अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक शहराने आणि काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत, येत्या वर्षात कोणत्या नेमणुकांची मुदत संपते आहे याची यादी लावायची असते. तिच्यात सध्या त्या जागेवर कोण आहे, मुदत कधी संपते आणि पात्रता काय, हे सगळं असतं. मी २०२२ च्या डिसेंबरात ती उघडली, लायब्ररी कमिशनच्या दोन जागा रिकाम्या होणार हे पाहिलं आणि आनंदाने बंद केली. पात्रतेच्या रकान्यात 'शहराचा रहिवासी' असं होतं. ते वाचून मनात काही आलंच नाही. आम्ही तिथे सहा वर्षं राहत होतो. टपालावर, शाळेच्या फॉर्मवर, डॉक्टरांच्या फाइलवर सगळीकडे त्याच शहराचं नाव होतं.

जानेवारी २०२३ मध्ये मी अर्ज भरला. ऑनलाइन, चार पानी, फी नाही. दोन संध्याकाळी खर्च करून 'तुम्हाला यात का काम करायचं आहे' याचं उत्तर लिहिलं. ९ फेब्रुवारीला ईमेल आली. तीन ओळी. तुमचा पत्ता शहराच्या हद्दीबाहेर असल्याने अर्ज विचारात घेता येत नाही.

मला वाटलं काहीतरी चुकलंय. शहराचे अर्ज आणि नोंदी सांभाळणाऱ्या सिटी क्लार्कच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या सहायक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला संगणकापुढे बसायला सांगितलं. शहराच्या वेबसाइटवर एक नकाशा असतो, त्यात पत्ता टाकला की हद्द दिसते. मी टाकला. आमच्या घरासमोरच्या रस्त्याच्या मधोमध एक जाड रेघ होती. पलीकडचा फुटपाथ शहरात. आमचा फुटपाथ, आमची बिल्डिंग आणि मागच्या तीन गल्ल्या कोणत्याच शहरात नव्हत्या. तो भाग थेट काउंटीच्या कारभाराखाली. याला इथे 'अनइनकॉर्पोरेटेड' म्हणतात.

हे प्रकरण बे एरियात सर्रास आहे, हे मला नंतर कळलं. टपाल खातं पत्त्यात शहराचं नाव घालतं ते पत्रं वाटायच्या सोयीने, हद्दीप्रमाणे नाही. क्युपर्टिनोचा ९५०१४ हा झिपकोड घ्या. त्यातली काही घरं प्रत्यक्षात सॅन होजे शहरात आहेत. कॅस्ट्रो व्हॅली, सॅन लोरेन्झो ही नावं शहरांसारखी वाटतात, पण ती शहरं नाहीत, अलामेडा काउंटीतले अनइनकॉर्पोरेटेड भाग आहेत. नकाशा मिळत नसेल तर घरमालकाच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरून अंदाज येऊ शकतो. त्यात शहराचा एखादा कर असेल तर तो दिसतो. आणखी एक साधी खूण, पक्की नव्हे, कारण काही शहरं शेरिफचीच सेवा घेतात: गल्लीत गस्तीला येणारी गाडी शहराच्या पोलिसांची आहे की काउंटीच्या शेरिफची? आमच्याकडे सहा वर्षं शेरिफची गाडी येत होती आणि मी ती रोज पाहत होते.

नागरिक असलेल्यांच्या हे लवकर लक्षात येतं. निवडणुकीत सिटी कौन्सिलची मतपत्रिका आली नाही की प्रश्न पडतोच. आमच्या घरात सगळे ग्रीनकार्डवाले, मतपत्रिका येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे ही रेघ आम्हाला कोणी कधी दाखवली नाही.

तो आठवडा मला जड गेला. ज्या लायब्ररीत मी आठवड्यातून तीनदा जात होते, तिच्याबद्दल बोलायला मी बाहेरची ठरले, याचं वाईट वाटलं. नवरा म्हणाला, जाऊ दे. मी चार दिवस जाऊ दिलं आणि मग क्लार्कच्या बाईंना परत फोन करून विचारलं की हा नियम का आहे. त्यांचं उत्तर मला पटलं. कमिशन शहराच्या बजेटवर शिफारस करतं, ते बजेट शहराच्या करातून येतं, आणि त्या शिफारशीवर मत देणाऱ्या कौन्सिलला निवडून देतात ते हद्दीतले लोक. ज्याला त्या निर्णयाचं बरंवाईट भोगायचं आहे त्यानेच तिथे बसावं, हे मला आजही योग्य वाटतं. फक्त रेघेच्या चुकीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे आधी कळायला हवं.

अशा भागात राहणाऱ्यांसाठी मार्ग अगदीच बंद नसतो. अनइनकॉर्पोरेटेड भागासाठी काउंटीचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे तिथलं निवडून आलेलं मंडळ, 'म्युनिसिपल अ‍ॅडव्हायझरी कौन्सिल' नेमू शकतं. कॅस्ट्रो व्हॅलीत तसं आहे. काउंटीची स्वतःची कमिशनंही असतात. आमच्या छोट्या तुकड्यासाठी असं काही नव्हतं, पण तुमच्याकडे असेल तर आधी ते बघा.

जुलै २०२३ मध्ये आम्ही घर बदललं. कमिशनसाठी नाही. मुलगी मोठी झाली होती, तिला खोली हवी होती, आणि भाडं वाढलं होतं. पण यावेळी प्रत्येक घर बघायला जाताना मी आधी तो नकाशा उघडत होते. ८ जुलैला दीड मैल पूर्वेला राहायला गेलो. हद्दीच्या आत, चांगले आठ ब्लॉक आत.

आता पुढचा अर्ज जानेवारीत करायचा होता. क्लार्कच्या ऑफिसला मी ऑगस्टमध्येच विचारून ठेवलं: रहिवासाचा पुरावा म्हणून काय लागेल? उत्तर आलं की अर्जाच्या तारखेआधी किमान सहा महिने शहरात वास्तव्य हवं आणि पुराव्याची दोन कागदपत्रं हवीत, दोन्हींवर अर्जदाराचं नाव आणि घरचा पत्ता. हा सहा महिन्यांचा नियम आमच्या शहराचा आहे. प्रत्येक शहराचा वेगळा असतो, तो तिथल्या म्युनिसिपल कोडमध्ये (शहराच्या नियमांत) किंवा चार्टरमध्ये (शहराच्या सनदेत) लिहिलेला असतो.

त्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरले. लीज नवऱ्याच्या नावावर, मी त्यात 'राहणारी व्यक्ती' म्हणून दुसऱ्या पानावर. विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर. पाणी आणि कचरा भाड्यात धरलेलं, त्याचं बिलच नाही. फोनचा फॅमिली प्लॅन नवऱ्याच्या नावावर. बँकेचं खातं दोघांचं, पण स्टेटमेंट कागदावर येत नव्हतं आणि त्यावर अजून जुना पत्ता होता. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता. मी डीएमव्हीला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याला, नवा पत्ता कळवला होता (दहा दिवसांत कळवावा लागतो, ऑनलाइन होतं, फुकट होतं), पण त्याने फक्त त्यांच्या नोंदीतला पत्ता बदलतो. नवं कार्ड आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी.

अकरा वर्षं मी हे घर चालवते आहे. बिलं मीच भरते. आणि त्या टेबलावर एकही कागद असा नव्हता ज्यावरून मी इथे राहते हे सिद्ध होईल. याचा दोष कोणाचाच नाही. आम्ही आलो तेव्हा मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर होते, नोकरी नव्हती, सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, म्हणून जे सुरू झालं ते नवऱ्याच्या नावावर सुरू झालं आणि पुढे तसंच चालू राहिलं. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत हेच आहे. म्हणून, तुम्हाला कोणत्याही कमिशनवर जायचं नसलं तरी, हे एवढं आजच करा: निदान दोन कागद तुमच्या नावावर आणि चालू पत्त्यावर आणून ठेवा.

मी काय केलं ते सांगते. बँकेतला पत्ता बदलून स्टेटमेंट पुन्हा सुरू केलं, त्यावर दोघांचीही नावं येतात. हा एक कागद दहा दिवसांत झाला. इंटरनेटचं कनेक्शन नव्या घरात घेताना माझ्या नावावर घेतलं. लीजमध्ये मला भाडेकरू म्हणून जोडावं अशी बिल्डिंगच्या मॅनेजरला विनंती केली. यासाठी लीजला एक पुरवणी जोडतात, तिला पाच आठवडे लागले, कारण मालक कंपनीकडून होकार यायचा होता. शेवटी आलेल्या पुरवणीवर मॅनेजरची सही होती, मालकांची नव्हती. मी फाइलला लावून ठेवली.

ऑक्टोबरात नाशिकहून फोन आला. बाबा पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन ठरलं. मी लेकीला नवऱ्याकडे ठेवून निघाले ती नऊ आठवड्यांनी परतले. त्या काळात कमिशन डोक्यात नव्हतं. डिसेंबरात, बाबा वॉकर घेऊन अंगणापर्यंत जायला लागल्यावर, एका संध्याकाळी आठवलं: सहा महिने वास्तव्य. त्यातले नऊ आठवडे मी इथे आहे. मोडलं का ते?

बाबा तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेत. त्यांनी आयुष्यभर दाखले दिलेत. मी त्यांना सगळं सांगितल्यावर म्हणाले, "आपल्याकडे अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कोणी मधे दोन महिने मामाकडे गेला म्हणून दाखला अडत नाही. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते आधी वाच. आणि तिथे गेल्यावर कागद दे, भाषण देऊ नकोस."

मी कायदा वाचला. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नमेंट कोडचं २४४ वं कलम फार लांब नाही, आणि त्यातली भाषा मला सुंदर वाटली. तुमचं वास्तव्य म्हणजे ती जागा, जिथे तुम्ही कामासाठी किंवा तात्पुरत्या कारणासाठी बाहेर गेलेले नसताना राहता, आणि विश्रांतीच्या काळात जिथे परत येता. वास्तव्य एकच असू शकतं. दुसरं मिळेपर्यंत पहिलं सुटत नाही. आणि ते बदलायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: कृती आणि हेतू. नुसतं दुसरीकडे गेल्याने बदलत नाही, नुसतं मनात आणल्यानेही बदलत नाही.

वडिलांच्या उशाशी बसून हे वाचताना मी थोडा वेळ फोन खाली ठेवला. नाशिकचं घर माझं नाही असं मला कधी म्हणता येणार नाही. पण कायदा विचारत होता तो प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तर सरळ होतं. माझं परतीचं तिकीट जातानाच काढलेलं होतं. लीज चालू होती. मुलगी त्या शाळेत जात होती. कृतीही तिथली, हेतूही तिथला.

जानेवारी २०२४ मध्ये दुसरा अर्ज उघडला आणि तिसऱ्या पानावर थांबले. तिथे एक ओळ होती, शेजारी खूण करायची चौकट: 'मी या शहरात नोंदणीकृत मतदार आहे.' मागच्या वर्षीही ती असणार, मी ती मोकळी सोडून पुढे गेले असेन. यावेळी वेबसाइट पुढचं पान उघडेना.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. तुम्ही नागरिक नसाल तर या चौकटीत खूण करू नका, 'फॉर्म पुढे जावा म्हणून' सुद्धा नाही. नागरिक नसताना स्वतःला नागरिक म्हणवणं हा अमेरिकेत गंभीर गुन्हा आहे, मतदार म्हणवणंही तसंच धरलं जाऊ शकतं, आणि त्याने ग्रीनकार्ड जाऊ शकतं. अर्ज राहिला तर पुढच्या वर्षी करता येतो.

मी ८ जानेवारीला क्लार्कच्या ऑफिसला ईमेल लिहिली. फोन न करता ईमेल, कारण उत्तर लेखी हवं होतं. त्यात दोन गोष्टी नम्रपणे मांडल्या. एक, कॅलिफोर्नियाचा एसबी २२५ हा कायदा, २०१९ मध्ये सही झालेला, १ जानेवारी २०२० पासून लागू. त्यानुसार राज्यात राहणारी अठरा वर्षांवरची व्यक्ती, तिचं नागरिकत्व किंवा इमिग्रेशनचा दर्जा काहीही असला तरी, नेमणुकीने भरल्या जाणाऱ्या पदासाठी पात्र ठरू शकते. दोन, सॅन फ्रान्सिस्कोने नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांकडून प्रपोझिशन सी मंजूर करून घेऊन आपल्या चार्टरमधली कमिशन सदस्यांसाठीची नागरिक आणि मतदार असण्याची अट काढली. रहिवासी असण्याची अट तिथेही आहेच. मग विचारलं: आपल्या शहराच्या कोडमध्ये 'रहिवासी' एवढंच आहे, तर फॉर्ममध्ये 'मतदार' का?

उत्तर येईना. अर्जाची मुदत ३१ जानेवारी. १८ तारखेला आठवण करून दिली. प्रकरण सिटी अ‍ॅटर्नीकडे, म्हणजे शहराच्या वकिलाकडे, आहे असं कळलं. २२ तारखेला बाकीचा अर्ज छापून, ती ओळ मोकळी ठेवून, बाजूला 'ईमेल पाहावी' असं लिहून प्रत्यक्ष नेऊन दिला आणि त्यावर पोच शिक्का घेतला. पोच शिक्का ही बाबांची सूचना, आणि ती पुढे उपयोगी पडली. २९ जानेवारीला ईमेल आली: ती ओळ जुन्या फॉर्ममधून चुकून राहिली होती, काढत आहोत, तुमचा अर्ज २२ तारखेचा धरला जाईल. दुसऱ्या दिवशी वेबसाइटवरचा फॉर्म बदललेला होता. मी तो उघडून दोनदा पाहिला. माझ्यानंतर अर्ज करणाऱ्या कोणाला तिथे थांबावं लागणार नव्हतं.

कॅलिफोर्नियाबाहेर राहणाऱ्यांनी मात्र आपल्या राज्याचा आणि शहराचा नियम स्वतंत्रपणे तपासावा. सगळीकडे असा कायदा नाही.

मग कागद. बँकेचं स्टेटमेंट चाललं. लीजच्या पुरवणीवर मालकांची सही नाही म्हणून ती परत आली. इंटरनेटचं बिल चाललं असतं, पण ते खातं सप्टेंबरात सुरू झालेलं, म्हणजे सहा महिन्यांत बसत नव्हतं. क्लार्कने सुचवलं की मॅनेजरकडून एक लेखी निवेदन आणा, कोणत्या तारखेपासून तुम्ही तिथे राहता ते. मॅनेजरने दिलं. मी आपल्याकडच्या सवयीने ते नोटरीकडे नेलं, सहीसाठी मॅनेजरलाही दुपारी सोबत नेलं, पंधरा डॉलर दिले. क्लार्कच्या बाई म्हणाल्या, याची गरज नव्हती. कॅलिफोर्नियात असं निवेदन 'खोटं असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र राहून मी हे जाहीर करतो' या अर्थाच्या ठरावीक वाक्यासह, तारीख आणि ठिकाण घालून सही केलं की बहुतेक ठिकाणी नोटरीशिवाय चालतं. त्याचा नमुना क्लार्ककडे मागा. मॅनेजरची दुपार वाचेल.

नाशिकच्या नऊ आठवड्यांबद्दल मी स्वतःच एक परिच्छेद लिहून जोडला: गेल्याची तारीख, आल्याची तारीख, कारण, परतीच्या तिकिटाची प्रत. त्यांनी विचारलं नव्हतं. पण आपण लपवलं आणि नंतर कोणी काढलं, यापेक्षा आधीच कागदावर असलेलं बरं. त्यावर कोणी एक शब्दही विचारला नाही.

मुलाखत १२ मार्चला, मंगळवारी संध्याकाळी, कौन्सिलच्या सभागृहात. ती बंद दाराआड नसते. ब्राउन अ‍ॅक्ट हा १९५३ चा कायदा स्थानिक संस्थांच्या बैठका खुल्या ठेवायला लावतो आणि अशा नेमणुकाही सगळ्यांसमोर होतात. बैठकीची कागदपत्रं आधी वेबसाइटवर लागतात. मी ती आदल्या दिवशी उघडली, तर सातही उमेदवारांचे अर्ज जसेच्या तसे, माझा घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर सकट. पोटात गोळा आला. नेमणूक झालेल्या व्यक्तीचा घरचा पत्ता तिच्या लेखी परवानगीशिवाय सरकारी संस्थेने इंटरनेटवर टाकू नये असा कायदा आहे, पण मी तेव्हा फक्त उमेदवार होते. लगेच ईमेल केली आणि तासाभरात सगळ्यांचेच पत्ते झाकले गेले. अर्ज देतानाच विचारून घ्या: हा कागद वेबसाइटवर लागेल का, आणि लागला तर पत्ता झाकाल का?

प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायला आणि मग प्रश्न. मला पहिला प्रश्न तोच आला, "शहरात किती वर्षं आहात?" घशाला कोरड पडली होती. मी म्हटलं, शहरात आठ महिने, आणि त्याआधी सहा वर्षं रस्त्याच्या पलीकडे. मग त्या रेघेबद्दल थोडक्यात सांगितलं, आणि दोन्ही बाजूंची मुलं एकाच शाखेत येतात हेही. बाबांचं ऐकून भाषण केलं नाही. रविवारबद्दल मात्र पूर्ण बोलले.

मतदानही उघड असतं, कोणी कोणाला मत दिलं ते वाचून दाखवतात. पाच जणांच्या कौन्सिलमध्ये तीन मतं लागतात. पहिली जागा पहिल्या फेरीत एका निवृत्त शिक्षिकांना मिळाली, त्या खरोखर योग्य होत्या. दुसऱ्या फेरीत मला तीन मतं पडली. शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात मी किती घट्ट धरला होता ते त्याने सोडवल्यावर कळलं.

पुढचं भराभर झालं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्लार्कच्या ऑफिसात शपथ. तिचा मजकूर कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत ठरलेला आहे. आदल्या रात्री मी तो मोठ्याने वाचून पाहिला होता. आमच्या कमिशनला फॉर्म ७०० लागू आहे, म्हणजे आर्थिक हितसंबंधांची माहिती. पद स्वीकारल्यापासून तीस दिवसांत आणि नंतर दरवर्षी. नवऱ्याच्या कंपनीचे शेअरही त्यात दाखवावे लागू शकतात, तर ती माहिती आधी काढून ठेवा. दोन तासांचं एथिक्स प्रशिक्षण, ते ऑनलाइन आणि फुकट असतं, दर दोन वर्षांनी परत. एकूण सोळा महिन्यांत माझ्या खिशातून गेले ते नोटरीचे पंधरा डॉलर आणि छपाईचे थोडेसे.

एक गोष्ट मात्र संपत नाही. रहिवासाची अट फक्त अर्जाच्या दिवशी नसते, पूर्ण मुदतभर असते. ज्या पदासाठी स्थानिक वास्तव्य आवश्यक आहे, त्या व्यक्तीने हद्दीबाहेर घर केलं की कायद्याने ते पद रिकामं होतं. आमची लीज दर जुलैला संपते. जूनमध्ये भाडेवाढीचं पत्र आलं की आम्ही आकड्याबरोबर नकाशाही बघतो. बाहेर जावं लागलं तर मी क्लार्कला आधी कळवणार आहे. घेतलेल्या मतांची वैधता कोणी नंतर शोधत बसावं असं मला नको आहे.

सप्टेंबरात रविवारच्या वेळांचा विषय अजेंड्यावर आला. अजेंडा बैठकीच्या ७२ तास आधी लागतो. लागल्या लागल्या मी जुन्या बिल्डिंगमधल्या नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पण मी तर हद्दीबाहेरची. मला बोलू देतील?" मी त्यांना सांगितलं की कमिशनवर बसायला हद्द लागते, कमिशनसमोर बोलायला लागत नाही. जनतेच्या वेळात कोणीही बोलू शकतं, आणि बैठकीला येण्यासाठी नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

नर्सबाई रात्रपाळीला जाण्याआधी हॉस्पिटलच्या कपड्यांतच आल्या. माइकपाशी उभं राहून धाकट्याचं वय सांगितलं, आपल्या शिफ्टच्या वेळा सांगितल्या, आणि दारात ठेवलेल्या पुस्तकांबद्दल सांगितलं. दोन मिनिटांत संपलं. कुठे राहता, असं कोणीही विचारलं नाही. सहा महिने प्रयोग म्हणून रविवारी दुपारी शाखा उघडावी, ही शिफारस पाच विरुद्ध दोन मतांनी कौन्सिलकडे गेली.